बांधावरच्या तीन हाका

या, या, विस्तवाजवळ सरका. कुत्र्याला भिऊ नका, ते चावत नाही. चावलंच तर आधी घरच्या माणसाला चावतं, म्हणजे मला. तंबूवाल्या पाव्हण्यांनो, तुम्ही इकडं घोंगडीवर बसा. बाई, नाव काय म्हणालीस तुझं? केतकी. आणि हा निनाद. झ्याक. रानू, दोन कप जास्त टाक गं. चहा मेंढीच्या दुधाचा आहे, नाक मुरडायचं नाही. पुण्यात मिळत नाही ते सगळं वाईट, असं थोडंच असतं?

ती चकचकीत पाण्याची बाटली विस्तवाजवळ नको ठेवूस पोरी. तिकडं ठेव, त्या बांधावरच्या दगडावर. हां. गार राहील.

तर संध्याकाळी तुम्ही दोघं मला हसलात. नाही म्हणू नका. म्हातारा झालो तरी दिसतं मला, नको ते तर जास्तच दिसतं. मी बांधावर काठी टेकवून उभा होतो, आणि समोरच्या रिकाम्या रानाकडं तोंड करून ओरडत होतो, "धनी हाय का वं, धनी?" एकदा. दोनदा. तीनदा. रानात चिटपाखरू नाही. ह्या निनादनं तर फोन काढून माझा फोटो घेतला. घे बाबा. बरा आलाय ना?

मग मी विचारलं, तंबू ठोकलात तो कुणाला विचारून? तर हा म्हणाला, "आजोबा, कुंपण नाही, बोर्ड नाही, मोकळंच दिसलं." अरे लेका, मोकळं तर माझं टक्कलही दिसतंय. त्यावर ठोकतोस का खुंट्या?

रागावलास? रागावू नको. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही हेच बोललो होतो. अगदी ह्याच शब्दांत. त्याची गोष्ट सांगतो, ऐका. पटली तर घ्या, नाही पटली तर चहा पिऊन झोपा. माझी बायको ठकू, ती बघा त्या वाकळेत गुरफटून पडलीय, ती म्हणते ह्या गोष्टीतलं अर्धं खोटं आहे. कुठलं अर्धं, ते मात्र पंचेचाळीस वर्षांत तिनं सांगितलेलं नाही.

ऐका.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालेले. आमचा वाडा कोकणात उतरायला निघालेला. वाडा म्हणजे दगडी नव्हे बरं का केतकीबाई! मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, म्हाताऱ्या, पोरंबाळं, असं सगळं मिळून चालतं गाव. त्याला आम्ही धनगर वाडा म्हणतो. आज ह्या रानात, उद्या त्या रानात. शेतकरी आम्हाला बोलावतो. मेंढरं त्याच्या रानात रातभर बसतात, लेंड्या टाकतात, मुततात, आणि पुढच्या साली त्याची ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. तो आम्हाला चार पायल्या दाणे देतो. म्हणजे आम्ही कुणाच्या रानात बसतो ते फुकट नव्हे. आमच्या मेंढराचं मूतसुद्धा कामाचं आहे. तुमचं तसं आहे का? बघा, लाजली.

तरीसुद्धा, इतकं सगळं असूनसुद्धा, आमच्यात एक रीत आहे. विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही. बांधावर काठी टेकवायची आणि तीन हाका मारायच्या. धनी आला तर त्याच्याशी बोलायचं. नाही आला तर बांधाच्या कडेकडेनं बसायचं, पिकात शिरायचं नाही, आणि सकाळी चुलीचे तीन दगड जिथनं उचलले तिथं परत ठेवायचे. माझ्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानं हेच केलं. मी? मी शहाणा होतो. चौथीपर्यंत शाळेत गेलो होतो ना!

त्या साली ठकूचे दिवस भरलेले. चालवेना म्हणून वाड्यानं आम्हाला एका वस्तीवर मागं ठेवलं आणि बाकीचे पुढं आंबेखळ गावाला गेले. आमच्याजवळ एक घोडी, एक कुत्रा आणि सात लंगड्या मेंढ्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली तशी ठकूनं माझं मनगट धरलं.

"अवं, मला आत्यांकडं न्या." आत्या म्हणजे माझी आई. "आज काय खरं न्हाई. ह्या वस्तीवर एक बाईमाणूस न्हाई. मी हितं बाळंत हुयाची न्हाई."

आंबेखळ गाडीरस्त्यानं तीन कोस. घोणसमाळावरनं गेलं तर दीड. मी घोडीवर वाकळा टाकल्या, ठकूला बसवलं, मेंढ्या पुढं घातल्या आणि निघालो. वस्तीवरचा म्हातारा मागनं ओरडला, "बिरा, माळावरनं जाऊ नगंस! दौलतअण्णाचं रान हाय त्ये!"

मी म्हणलं, "दौलतअण्णा मरून नऊ वर्सं झाली की!"

"म्हनून तर सांगतुय!"

आता हा दौलतअण्णा खुरंगे कोण, तेवढं ऐका. माणूस मोठा जमिनीचा लोभी. दर पेरणीला नांगर घालताना शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरायचा. वीतभरच. पण दर साली. वीस वर्षांत शेजारी बिचारा आपल्याच शेतात पाहुणा झाला. अण्णाच्या विहिरीवर कुणी ओंजळ लावली तर तो दगड घेऊन धावायचा. डोक्यावर भारा घेतलेली बाई त्याच्या बाभळीखाली टेकली तर म्हणायचा, "उठ, सावली झिजती." खोटं नाही! माणसाची सावली पिकावर पडली तर दाणा खुरटतो, असं म्हणायचा.

मेला. पोरगे दोन. दोघांनाही सगळंच पाहिजे. वाटणी नाही, आणि तलाठ्याकडं जाऊन वारसाची नोंद करायची तीही कुणी केली नाही. रान पडीक पडलं. सातबाऱ्यावर नाव कुणाचं? अण्णाचंच. माणूस मेला, कागदावर जिवंत! मग तुम्हीच सांगा, तो वर कशाला जाईल? मी तर नसतो गेलो.

आम्ही माळ चढलो. चांदणं पिठासारखं पडलेलं. वारा असा की कानात कुणी शीळ घालावी. अर्धा माळ गेला आणि ठकू घोडीवर वाकडी झाली.

"थांबा."

"अगं, अर्धा कोस ऱ्हायलं."

"थांबा म्हनते ना! त्ये काय माझ्या हातात हाय?"

समोर एक वाकडी बाभळ होती. बाभळीच्या अलीकडं बांध, पलीकडं सपाट रान. वाऱ्याला जरा आडोसा. मी घोडीचा लगाम धरला. एवढ्या कळांमध्येही ठकू म्हणते कशी, "आदी हाक मारा."

मी म्हणलं, "कुणाला मारू? मालक मेलाय. कुंपण न्हाई, पीक न्हाई. मोकळंच तर दिसतंय."

ऐकलंस का निनाद? मोकळंच दिसतंय!

आणि ओलांडला बांध.

घोडी पाय टाकेना. चारी खूर रोवून उभी. मी शिव्या घातल्या, ओढली, तेव्हा आली. कुत्रा मात्र आलाच नाही. बांधाबाहेर बसला, तोंड वर केलं, पण आवाज काढीना. भुंकणारा कुत्रा बरा हो. न भुंकणारा वाईट!

मी ठकूला बाभळीखाली निजवलं. बांधावरचे तीन दगड आणले, चूल मांडली, वर पाण्याचा हंडा ठेवला, काटक्या पेटवल्या. फुस्स! विझली. वारा असेल. परत पेटवली. फुस्स! आता वारा पडला होता बरं का. पान हलत नव्हतं. तिसऱ्यांदा पेटवायला वाकलो तर चूलच नाही. हंडा जमिनीवर. आणि ते तीन दगड? परत बांधावर. जिथनं उचलले, अगदी तिथं. एकमेकाला टेकून, नीट.

मी हातातली काटकी टाकून दिली.

आणि मग आवाज आला. लांबनं नाही. जवळनं. जमिनीतनं आल्यासारखा.

"हाक मारलीस का?"

ठकूनं माझ्याकडं बघितलं. तसली नजर पुन्हा कधी बघितली नाही. बघितली, पण पुढं एका लग्नात मी उधळपट्टी केली तेव्हा.

"उठ," आवाज म्हणाला. "माझ्या रानातनं उठ."

मी म्हणलं, जातो बाबा. भांडण नको. ठकूला पाठीवर घेतलं. बांध कितीसा लांब? वीस पावलं. वीस चाललो. बांध वीस पावलांवर. आणखी वीस चाललो. बांध वीस पावलांवरच! कुत्रा बांधाच्या पलीकडं बसलेला, तोही तेवढ्याच लांब. मी पळालो. पाठीवर नऊ महिन्यांची बाई घेऊन पळालो हो! बांध माझ्यापुढं पळतोय. दिवसाउजेडी वीत वीत खाणारा माणूस, मेल्यावर त्याला काय, कोस कोस खायला लागला होता!

दम लागला, ठकूला खाली निजवलं, तर समोर वाकडी बाभळ. जिथनं निघालो तिथंच.

आणि बाभळीखाली तो उभा.

उंच, वाळका, डोक्याला मुंडासं, खांद्यावर उपरणं. पाय उलटे होते का, म्हणून विचारू नका. गुडघ्यापर्यंत तो मातीतच होता. रोवलेल्या डांबासारखा. हलला की चालत नव्हता, जमीन उकलत पुढं यायचा, नांगराच्या फाळासारखा. आणि बोलायला तोंड उघडलं की तोंडातनं माती पडायची. भुसभुशीत, काळी माती. आयुष्यभर खाल्लेले बांध!

"उठ म्हनलं ना?"

काय होतं बघा, माणूस भितो, भितो, आणि एका जागी भीती संपते. पोत्यातले दाणे संपावेत तशी. माझी तिथं संपली. मी म्हणलं, "अण्णा, जा म्हणतोस तर बांध थांबीव. बांध पळवतोस तर जा म्हनू नगंस. दोन्ही कसं चालंल?"

"आजवर चाललंय की," म्हणाला.

"तुला किती रं लागती जमीन? मेल्या माणसाला साडेतीन हात लागती म्हनत्यात. तुला तर जाळलाय! तुझी राख वढ्यानं गेली. तुझं हितं बोटभरबी काय न्हाई!"

"उताऱ्यावर नाव माझं हाय."

खरं होतं ते. चौथी शिकलेला माणूस मी. भुताला भीत नाही, पण कागद म्हटला की दबतो.

मी दबलो तसा तो हसला. माती सांडली. आणि पायाखालची जमीन मऊ झाली. आधी मेंढ्यांचे खूर आत गेले. मग गुडघे. सातही मेंढ्या बें बें करत रुतायला लागल्या. घोडी पोटापर्यंत गेली. मी ठकूकडं बघतो तर ती निजलेली जागा हळूहळू खाली चाललेली, पाळण्यासारखी. वाकळेच्या कडेवरनं माती आत सांडत होती. मी तिच्या काखेत हात घालून ओढतोय, ती इंचभर येतीय, चार इंच जातीय.

काय? "गाडी हाका, मला झोप यायलीय," म्हणतीय वाकळेतली. झोप की मग! कान कशाला उघडे ठेवलेत?

तर ऐका. मी रडकुंडीला आलो. हात जोडणार, पाया पडणार, तेवढ्यात ठकू ओरडली. कळ होती की राग होता देव जाणे.

"अवं, इचारा त्येला! त्यो मालक हाय का न्हाई?"

"हाय!" अण्णा गरजला.

"नक्की?"

"उताऱ्यावर..."

"मग मेल्या, हात बांधून हुबा काय ऱ्हायलास? जागा तुझी तर पाव्हनी तुझी! बाळंतीण दारात आलीया. पानी तापीव!"

सगळं थांबलं.

जमीन थांबली. मेंढ्या ओरडायच्या थांबल्या. अण्णा तोंड उघडून उभा, मातीसुद्धा पडायची थांबली. आयुष्यात त्याला असं कुणी बोललं नसावं. मालकानं लोकांकडनं काय काय घ्यायचं ते त्याला तोंडपाठ. पण मालकाकडं कुणी काही मागावं, तेही हक्कानं, आणि तेही अशा आवाजात?

"न्हाईतर सांग, मी मालक न्हाई," ठकू म्हणाली. "सांग आन चालता हो. माझी मी बगते."

बिचाऱ्याची पंचाईत बघा. पाणी तापवावं तर आयुष्यभराची अब्रू गेली. न तापवावं तर मालकी गेली! त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय करू? मी पण तिच्याकडंच बघत होतो.

आणि हंड्यातनं सूं... असा आवाज आला.

चूल नाही. विस्तव नाही. हंडा गार जमिनीवर. आणि त्यातनं वाफा! मी खरंखोटं करायला बोट घातलं. ही बघा खूण. हे बोट. रानू म्हणते ही विळ्याची खूण आहे. तिला काय कळतंय, ती तेव्हा जन्माला यायची होती.

"आता आडोसा धर," ठकू म्हणाली. "वारा लागतुय."

अण्णा धोतराला हात घालायला लागला.

"धोतर नगं! उपरनं धर, उपरनं! आन तोंड तिकडं कर!"

पंचक्रोशी ज्याला थरथर कापायची तो दौलतअण्णा खुरंगे, मेल्यानंतर नऊ वर्षांनी, दोन्ही हातांनी उपरणं ताणून, तोंड तिकडं करून, माझ्या बायकोच्या बाळंतपणाला आडोसा धरून उभा! तो जिता असताना त्याच्या बायकोनं असलं काही बघितलं असतं तर हसून मेली असती.

हसताय? हसा. इथनं पुढं मी हसलो नव्हतो.

चांदणी बांधावर आली तेव्हा पोर झाली. मुलगी. मी दोन्ही हातांवर घेतली. वजन कोकराएवढं. आणि ती रडेना. मी हलवली, पाठीवर थोपटलं, पाय धरून उलटी केली. रडेना. ओठ निळे पडत चालले.

अण्णानं मान वळवली. ह्या वेळी ओरडला नाही. हळू बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझ्या बांधाच्या आत जे उपजलं ते माझं. आन इकडं."

त्याचे हात लांब झाले. बाभळीच्या मुळांसारखे, मातीनं भरलेले, पोरीकडं यायला लागले. मी पोर छातीशी धरली, काठी आडवी घातली.

"पेरलं कुणी?" मी म्हणलं. "बी माझं हाय! आन पेरनी काय तुझ्या रानात झाली न्हाई, ती झाली..."

बरं, कुठं झाली ते राहू द्या. रानू चहा ओततीय, हात हलायचा.

अण्णा थांबला. शेतकरीच शेवटी. मनात हिशेब घातला असेल. म्हणाला, "बी तुझं, जमीन माझी. मग अर्धेली. निम्मा वाटा दिल्याबिगर पीक उचलायचं न्हाई, ही रीत हाय."

आणि रीत होतीच की हो! अख्ख्या मुलखात तीच रीत. मी विचारायची रीत मोडून आत आलो होतो, आता कुठल्या तोंडानं त्याला म्हणू की तुझी रीत खोटी? पण अर्धी पोर कशी द्यायची? तुम्ही शिकलेली माणसं, सांगा बघू. कमरेपासनं का डोक्यापासनं?

पोरीचे ओठ आता काळे दिसायला लागले होते.

"ईळा द्या," ठकू म्हणाली.

"काय करतीस?"

"वाटा घालते. ईळा द्या!"

तिनं विळा त्या उकळत्या पाण्यात बुडवला. नाळ दोऱ्यानं बांधली आणि कचकन कापली. कापलेली नाळ हातात धरून अण्णापुढं केली.

"ही घे. निम्मी हिची, निम्मी माझी. नऊ म्हैनं हिच्यावर जगलीया पोर. ह्याच्यावर मोठा वाटा अजून कुणी कुणाला दिला न्हाई. घेतोस का न्हाई बोल!"

अण्णानं ते मुळांसारखे हात मागं घेतले. न घेऊन सांगतो कुणाला? रीत त्यानंच काढली होती.

"पुरा," ठकू मला म्हणाली. "बांधाच्या बुडाला. चांगलं हातभर खोल."

मी विळ्याच्या टोकानं उकरलं. नखं फुटली. नाळ आत ठेवली, माती लोटली, पायानं दाबली. आणि शेवटची ओंजळ पडली तशी...

ट्यांहां!

असं रडली कार्टी! माळ दुमदुमला. बांधाबाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. घोडी वर आली, मेंढ्या मातीतनं वर आल्या, एकेक, अंग झाडत, पावसातनं आल्यासारख्या. आणि बांध? बांध वीस पावलांवर गप उभा. तो वीसच पावलं लांब होता हो!

ठकू बसली उठून. अंगात त्राण नाही, डोळ्यांत मात्र दोन निखारे. म्हणते कशी, "अण्णा, तुझं नाव कागदावर हाय. माझ्या पोरीची नाळ मातीत हाय. कागद भिजतुया, फाटतुया, वाळवी खाती. नाळ न्हाई जात. आता बगू कोन कुनाला हाकलतुया!"

मी तिला घोडीवर बसवलं, पोर पदराखाली दिली, मेंढ्या पुढं घातल्या आणि चाललो. मागं बघायचं नाही, असं ठरवून चाललो. बांधावर आलो, घोडीचे पुढचे पाय पलीकडं पडले, आणि खस्सकन माझी घोंगडी मागनं ओढली गेली. गळा आवळला. मी पुढं, घोंगडी मागं. त्याच्या ध्यानात आलं होतं! वाटा घालून का होईना, पीक बांधाबाहेर चाललं होतं! मी ओढतोय, तो ओढतोय. पाय बांधावरनं घसरले, एक पाय आत गेला, मातीनं घोटा धरला. ठकूनं वरनं विळा फिरवला. चर्रर! मी बाहेर, घोंगडीचा कोपरा आत. ही तीच घोंगडी. तुम्ही दोघं बसलाय ती. तो बघा फाटका कोपरा. ठकू म्हणते उंदरानं खाल्ला. उंदीर इतका सरळ कुरतडतो का?

मग मागनं आवाज आला. घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा.

"परत कवा येनार?"

ठकूनं घोडी वळवली. भ्याली नाही. म्हणाली, "येऊ की. आता हक हाय आमचा. तरीबी बांधावर हाका मारू. तीन. तू मालक हैस म्हनून न्हवं. रातच्याला कुनाच्या दारातनं गुपचूप शिरनं हे माणसाचं काम न्हवं म्हनून."

संपली गोष्ट. पोरीचं काय झालं? अगं, ही काय, तुला चहा देतीय ती! रानात झाली म्हणून रानू. बघ कशी टकामका बघतीय. दर सालची गोष्ट हिची, तरी दर साली ऐकते आणि दर साली म्हणते बापाला काही कळत नाही.

तर शहाण्यांनो, मोठ्या माणसाचं ऐका. घोणसमाळाच्या वाटेनं कधी जाऊ नका. रात्रीचं तर नाहीच नाही. आणि गेलातच, तुमच्या वयात जाणारच तुम्ही, तर तोंडात हाक घेऊन जा. रातभर पाठ टेकायला माणसाला किती जागा लागते? एक वाकळेएवढी. ती मागायची लाज नको. आणि उजाडलं की आपल्या राखेसकट उठायचं. जागा मागितल्यावरही कुणी हाकललंच, पडीक रान असून, दारात अडलेली बाई असून हाकललं, तर त्याचं ऐकायचं नाही. तिथंच बसायचं ठाण मांडून, आणि विचारायचं, मालक हैस ना? मग पाणी तापीव!

काय रे निनाद? घोणसमाळ कुठं आला म्हणतोस?

अरे, ती वाकडी बाभळ दिसत नाही का तुला? तुझ्या तंबूची दोरी जिला बांधलीय ती? आणि रानू संध्याकाळी कुठं दिवा लावून आली, बघितलंस ना? त्या बांधाच्या बुडाला. आम्ही दर साली इथं एक रात बसतो. संध्याकाळी मी कुणाला हाका मारत होतो असं वाटलं तुला? बस, बस. उठू नकोस. मी काही तंबू उपटा म्हणत नाही. मी कोण म्हणणारा? तुमचं तुम्ही बघा.

हां, केतकी उठली. पोरीला अक्कल आहे. ही घे माझी काठी. बांधावर टेकव. मोठ्यानं ओरड, लाजायचं नाही.

एकदा. आणखी मोठ्यानं! दोनदा. तीनदा. झालं. ये आता. काही उत्तर येत नाही, यायचंही नाही, घाबरू नको. बाटली तेवढी घेऊन ये दगडावरची, आणि चहा पी.

का गं? ओरडलीस का? काय टाकलंस ते?

बाटली? गरम आहे?

बघू. आई गं! चटकाच बसला की!

अरे, माझ्याकडं काय बघताय सगळे? मी तर मघापासनं ह्या विस्तवाजवळनं हललोसुद्धा नाही. ठकू, ए ठकू... बघा, ती तर घोरतीय.